मांडवगडच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

'अभ्यासक' महोदय,

(नाव दिलेलं नाही तुम्ही, म्हणून टोपणनावानेच हाक मारतो.)

मांडवगडवर, माळव्याचा सुलतान बाजबहादूर आणि रूपमती यांच्या प्रेमकथेवर मी लेख लिहिला, त्यावर तुमची प्रतिक्रिया आली. आधी त्यातलं तुमचं बरोबर आहे ते सांगून टाकतो. तिथल्या सुलतान होशंगशाहच्या मकबऱ्यावरचा, शाहजहानचे वास्तुकार येऊन गेल्याचा लेख 1659 चा आहे. माझ्याकडून 1569 पडलं. शाहजहानचा जन्मच 1592 चा, तेव्हा हसला असाल. हसा. दुरुस्त केलंय.

पण "दोन दिवस फिरून, गाईडचं ऐकून इतिहास लिहिता येत नाही" हे काय ओ? गाईड केलाच नव्हता मी! जहाजमहालाच्या गच्चीवर दगडात कोरलेली पाण्याची वेटोळी पन्हळ आहे, गोगलगायीच्या शंखासारखी. तिच्याशी मी भर उन्हात उकिडवा बसून बोट फिरवत होतो. वळणावळणाला पाण्याचा जोर मोडतो, गाळ मागे राहतो. खालून बायको हाका मारून दमली. हे कुठल्या गाईडने दाखवलं?

आणि दोन दिवसांचं म्हणाल तर आम्ही बेळगावच्या किल्ल्यापाशी वाढलो. वडील दर रविवारी कमलबस्तीत न्यायचे. 1204 सालचं जैन मंदिर ते. छतातल्या कमळाच्या पाकळ्या मोजायला लावायचे. मान अवघडायची, आकडा चुकायचा, की पुन्हा पहिल्यापासून. त्याच किल्ल्यात साफा मशीद, तिचे खांब जुन्या देवळांचे. हे बघत मोठ्या झालेल्या माणसाला मांडवात मलिक मुघीसच्या मशिदीत शिरल्यावर खांब कुठून आले ते कुणी सांगावं लागत नाही. समोरचा कोण, कुठला, हे विचारून मग शिकवावं, अशी आमच्यात रीत आहे.

"बेळगावात बसून माळव्यावर कशाला लिहिता" हेही लिहिलंय तुम्ही. मांडव धार संस्थानात होतं, आणि धारचे राजे पवार. मराठीच की! तेव्हा परवानगी कुणाची काढायची?

उरलेलं, म्हणजे रूपमती मंडप आधी फौजेची टेहळणीची जागा होती आणि जहाजमहाल बाजबहादुराचा नव्हे, 1500 च्या आधीच्या सुलतान घियासशाहचा, वगैरे. बरं, असेल. मी प्रेमकथा लिहीत होतो, जमिनीचा उतारा काढत नव्हतो.

पुढच्या वेळी स्वतःचं नाव घालून लिहा. आम्ही घातलंय.