'खरी गाडी मातीत घातली आहे का?' : घाटवळण यांना उत्तर

घाटवळण यांस,

सप्रेम नमस्कार. तुमची प्रतिक्रिया मंगळवारी रात्री वाचली. लगेच एक उत्तर लिहिलं होतं, ते सकाळी चहा घेताना वाचलं आणि पुसून टाकलं. हे दुसरं. प्रतिक्रियेच्या चौकटीत मावेना म्हणून वेगळी पोस्ट करतोय.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लॉजिटेक जी२९ या कॉम्प्युटर खेळाच्या स्टीअरिंगवर (पुढे त्यालाच 'चाक' म्हणतो) डर्ट रॅली २.० हा रॅलीचा खेळ खेळताना मी फोर्स फीडबॅक, म्हणजे आतली मोटर हाताला जो ओढा देते तो, कसा लावतो, ते मी मागच्या आठवड्यात लिहिलं. खेळातल्या स्लायडरचे माझे आकडे असे: सेल्फ अलाइनिंग टॉर्क १२०, व्हील फ्रिक्शन शून्य, टायर फ्रिक्शन ६०, सस्पेन्शन ५०, टायर स्लिप ३०, कोलिजन २०, रोटेशन (चाक एकूण किती अंश फिरतं ते) ९००. त्यावर घाटवळण यांनी लिहिलं, ते जसंच्या तसं:

"लेख वाचला. आकडे यूट्यूबवरून उचललेले दिसतात. टॉर्क १२० ठेवला तर जी२९ क्लिप होणारच, हे कुणीही सांगेल. व्हील फ्रिक्शन शून्य का, याचं कारण दिलेलं नाही. रोटेशन ९०० रॅलीला चूक. आरबीआरचा उल्लेखही नाही. आणि ज्यांनी खरी गाडी कधी मातीत घातली नाही, त्यांनी 'फील' या शब्दावर पानं भरू नयेत."

सात वाक्यं. (आरबीआर हा एक जुना रॅलीचा खेळ. 'क्लिप' म्हणजे काय ते पुढे येईलच.) टीका करावी, जरूर करावी, त्यासाठीच खाली जागा ठेवली आहे. पण 'उचललेले' हा शब्द बघा. मराठीत उचलणं म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. 'दिसतात' असं पुढे जोडलं की आरोपही होतो आणि अंगही काढता येतं. माझ्याकडे दोनशे पानी वही आहे. तिच्यात कुठल्या रात्री कुठला स्लायडर किती होता, कुठल्या स्टेजवर (रॅलीतला वेळ मोजायचा रस्त्याचा टप्पा) काय झालं, हे पेनाने लिहिलेलं आहे. यूट्यूब मीही बघतो. तिथले आकडे लावून पाहिले, पटले नाहीत, बदलले. याला उचलणं म्हणत असाल तर आपली भाषा वेगळी आहे.

आता एक गोष्ट मान्य. रोटेशनची. डर्ट रॅली २.० मध्ये सॉफ्ट लॉक चालू असेल तर चाक ९०० वर ठेवायचं, गाडीचं खरं स्टीअरिंग जिथे संपतं तिथे खेळ स्वतःच अडवतो. प्रत्येक गाडीचा अंश वेगळा, आणि ते आपल्याला मोजत बसावं लागत नाही. पण सॉफ्ट लॉक चालू ठेवा, हे लेखातल्या तक्त्यात लिहायचं राहिलं. ते बंद असेल तर ९०० चूक, तुमचं म्हणणं बरोबर. तक्ता दुरुस्त केला आहे. (जी२९ ची मोटर एवढी ताकदवान नाही की तो लॉक भिंतीसारखा लागेल. जोर केला तर चाक पुढे सरकतं. पण कळतं.)

आता शेवटचं वाक्य. खरी गाडी मातीत.

माझ्या मामाची मारुती ८०० होती. पांढरी, नंतर पिवळट झालेली. सिन्नरच्या पलीकडे मामाचं शेत, आणि डांबरी रस्त्यापासून शेतापर्यंत साधारण तीन किलोमीटर मुरूम. त्या गाडीवर मी चालवायला शिकलो. बारा इंची चाकं, पुढच्या चाकांना ताकद, पॉवर स्टीअरिंग नाही. उन्हाळ्यात त्या मुरमाचा वरचा थर सुटतो आणि गोट्या पसरल्यासारखा होतो. पहिल्या पावसानंतर तोच रस्ता साबण. मामाची एकच शिकवण होती, "हलकं पडलं की भ्यायचं." वळणावर स्टीअरिंगचा जोर अचानक गेला, बोटांना काही लागेनासं झालं, तर पुढची चाकं सुटायला आली. पाय काढ, चाक थोडं सरळ कर, ती परत धरतात. मामा सातवी शिकलेला माणूस.

पुढे इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं की मामा जे सांगत होता त्याचंच नाव सेल्फ अलाइनिंग टॉर्क. टायर जमिनीला टेकतो त्या ठशाच्या बरोबर मध्यावर बाजूचं बल लागत नाही, जरा मागे लागतं. त्या एवढ्याशा अंतरामुळे चाक सरळ व्हायला बघतं आणि तो ओढा स्टीअरिंगमधून हाताला लागतो. टायर जास्त तिरका घसरू लागला की ते अंतर आक्रसतं. गंमत अशी की पकड पूर्ण संपायच्या जरा आधीच ओढा कमी व्हायला लागतो. म्हणजे हाताला सूचना आधी मिळते, गाडी नंतर जाते. मामाचं 'हलकं पडलं की' हे त्या मधल्या क्षणाबद्दल होतं. मी टॉर्कचा स्लायडर बाकीच्यांपेक्षा वर ठेवतो तो त्यासाठी. खेळातल्या बाकी सगळ्या स्लायडरपेक्षा मला ही एक बातमी हवी असते.

आणि अंगठा. एकदा त्याच रस्त्यावर मी अंगठे स्टीअरिंगच्या आऱ्यांमध्ये अडकवून चालवत होतो. उजवं चाक एका दगडावर आदळलं, स्टीअरिंग एका झटक्यात फिरलं आणि आरा अंगठ्याच्या सांध्यावर बसला. आठवडाभर शर्टाची बटणं लावता येत नव्हती. मामाने हळद लावली आणि म्हणाला, अंगठे वर ठेवायचे, कडेवर, आत घालायचे नाहीत. आजही खेळातल्या अर्जेंटिनाच्या कातामार्कामध्ये दगडगोट्यांचा भाग आला की माझे अंगठे आपोआप बाहेर येतात. जी२९ मध्ये अंगठा मोडायची ताकद नाही. तरी येतात. हे यूट्यूबवरून उचलता येतं का, ते तुम्ही सांगा.

तुम्ही म्हणाल, मारुती ८०० म्हणजे रॅली कार नव्हे. आजच्या रॅली कारना पॉवर स्टीअरिंग असतं, तिथे ओढा असा उघडा हाताला येत नाही. माहीत आहे. पण तुमच्या वाक्यात 'रॅली कार' नव्हतं. 'खरी गाडी' होतं आणि 'माती' होतं. ८०० खरी होती. माती तर होतीच.

नाशिकला रॅली ऑफ महाराष्ट्र व्हायची, राष्ट्रीय मालिकेतली, तेव्हा मी दोरीच्या अलीकडे पहाटेपासून उभा राहिलेला माणूस आहे. दोरीच्या अलीकडेच, खोटं कशाला बोलू. पण एका आवळत जाणाऱ्या वळणावर तासभर उभं राहून गाड्या जाताना बघितल्या की एक गोष्ट दिसते. मागचा भाग सुटल्यावर चांगला चालक स्टीअरिंग उलट्या दिशेला ओढत नाही. तो मूठ सैल करतो. स्टीअरिंग बोटांतून सुळकन स्वतः फिरतं, पुढची चाकं गाडी जिकडे जातेय तिकडे आपोआप वळतात, आणि मग तो परत धरतो. ऑफिसच्या खुर्चीचं चाक जसं खुर्ची ढकलाल तिकडे स्वतः वळतं, तेच. स्टीअरिंगचा अक्ष तिरका बसवलेला असतो म्हणून.

यातच तुमच्या फ्रिक्शनच्या प्रश्नाचं उत्तर आहे. कारण दिलं नव्हतं म्हणता, दिलं होतं, एका ओळीत होतं, तुम्ही वाचलं नसेल. तरी विस्ताराने लिहितो.

जी२९ च्या आत गिअर आहेत. जी२५, जी२७ पासून तीच वंशावळ. प्लग काढून चाक हाताने फिरवून बघा, दाते एकमेकांवरून जाताना कळतात. म्हणजे घर्षणाचा हप्ता हार्डवेअरने आधीच कापून घेतलेला आहे, पगारातून टीडीएस कापतात तसा. त्यावर खेळातून आणखी फ्रिक्शन लावलं की हातात काय उरणार?

वहीतला एक प्रयोग सांगतो. खेळातलं न्यूझीलंड, गाडी फोर्ड एस्कॉर्ट एमके२, मागच्या चाकांना ताकद. साधारण ६० च्या वेगाला गाडी वळणात घालायची, हँडब्रेक ओढून मागचा भाग सोडायचा आणि स्टीअरिंग पूर्ण सोडून द्यायचं. व्हील फ्रिक्शन शून्यावर चाक भर्रकन उलटं फिरलं आणि गाडी बऱ्यापैकी सरळ झाली, मी हात न लावता. फ्रिक्शन ३० वर चाक निघालं, पण अर्ध्यावर रेंगाळलं. उरलेलं मी फिरवलं, ते उशिरा फिरवलं, गाडी दुसऱ्या बाजूला झोपली आणि कुंपणात. सहा वेळा केलं. सहापैकी पाच वेळा कुंपण.

तुमच्या जुन्या प्रतिक्रियांवरून दिसतं की तुमच्याकडे डायरेक्ट ड्राइव्ह प्रकारचं चाक आहे. छान. तिथे मोटरचा दांडा आणि चाक यांच्यामध्ये काहीच नसतं, त्यामुळे थोडं फ्रिक्शन किंवा डँपिंग (झुलणं दाबणारा विरोध) घालावंच लागतं. नाही घातलं तर सरळ रस्त्यावर हात सोडले की चाक डावी-उजवीकडे झुलायला लागतं. तुमच्यासाठी शून्य चूक असेल. लेखाच्या मथळ्यातच जी२९ लिहिलं होतं. कोकणात राहणाऱ्याने मराठवाड्यातल्या माणसाला 'छत्री का नाही घेतलीस' विचारावं, तशातला हा प्रकार.

सस्पेन्शन ५० का, हे तुम्ही विचारलं नाही, पण कुणीतरी विचारेल म्हणून सांगून टाकतो, कारण त्यामागे काही शास्त्र नाही. सस्पेन्शन १०० ठेवलं तर रस्त्यावरचा खडा न् खडा हाताला येतो, मला आवडायचं. पण जी२९ चे गिअर खडखडतात आणि टेबल भिंतीला टेकलेलं आहे. खालच्या मजल्यावरच्या आजींनी एकदा जिन्यात थांबवून विचारलं, "रात्री शिलाई मशीन चालवतोस का रे?" त्या दिवसापासून ५०. टेबलाच्या पायांखाली जुनी योगा मॅट कापून घातली आहे, तीही चांगली चालते.

क्लिपिंगबद्दल. मोटरकडे १०० च्या वर मागितलं तरी ती १०० च देते, मग मोठा धक्का आणि त्याहून मोठा धक्का हाताला सारखेच लागतात. हे मला माहीत आहे. थोडं होत असेल. मला चालतं. पुढे.

आरबीआर, म्हणजे रिचर्ड बर्न्स रॅली. २००४ चा खेळ, त्या रॅली चालकाच्या नावाचा, आणि इतक्या वर्षांनी लोक त्यावर नवीन स्टेजेस आणि नवीन फिजिक्स चढवून खेळतात. आदर आहे. पण लेख त्यावर नव्हता. मिसळीवर लिहिलं की 'वडापावचा उल्लेख नाही' म्हणणारा एकजण प्रत्येक ठिकाणी असतोच.

असो. मला खरं लागलं ते काय, ते एकदा बोलून टाकतो. माझ्याकडे रिग (सीट, चाक, पेडल बसवायची चौकट) नाही. जेवणाचं टेबल आहे, त्याला चाक क्लँपने लावतो, रात्री साडेदहानंतर, पोरगी झोपल्यावर. पेडल मागे सरकू नये म्हणून भिंतीला तांदळाचं पोतं लावलंय. या अवस्थेत माणूस जे शिकतो ते तो लिहितो, दुसऱ्या कुणाचं तरी टेबल तसंच असेल या आशेने. त्यावर कुणीतरी येऊन 'कुणीही सांगेल' म्हणतं. कुणीही सांगेल तर मग आजवर मराठीत कुणी का नाही सांगितलं, घाटवळणसाहेब? तुम्ही तरी? तुमच्या प्रोफाइलवर एकही लेख नाही, मी पाहिलं. प्रतिक्रिया मात्र भरपूर आहेत.

हे शेवटचं वाक्य पुसणार होतो. राहू देतो.

तुम्ही खरंच मातीत चालवत असाल, आणि तुमच्या भाषेवरून वाटतं की चालवत असाल, तर लिहा. कुठली गाडी, कुठला रस्ता, हाताला काय कळलं. तुमच्या डायरेक्ट ड्राइव्हवरचे आकडेही द्या, मी तुमच्या नावाने लेखाच्या खाली जोडतो. फक्त 'उचललेले' हा शब्द मागे घेतलात तर बरं वाटेल. नाही घेतलात तरी आकडे पाठवा.

ता. क. : काल रात्री अर्जेंटिनात टॉर्क १२० चा ९५ करून पाहिला. पहिल्या दोन फेऱ्या चाक मऊ वाटलं, आवडलं नाही. तिसऱ्या फेरीत लास हुंतास या स्टेजच्या उतारावर आधी जे धक्के एकसारखे लागायचे त्यांत लहान-मोठा फरक कळायला लागला, आणि वळणावर हलकं पडणंही जरा आधी कळलं. वहीत लिहिलं आहे. तक्त्यात १२० च ठेवलंय, कारण एका रात्रीवरून मी काही बदलत नाही. आणखी चार रात्री बघतो. हा प्रयोग तुमच्या प्रतिक्रियेमुळे केला असा कृपया अर्थ काढू नये, तो माझ्या यादीत आधीपासून होता.