देऊळ आहे की अजून, फोटोचं काय घेऊन बसलाय

उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी खूप खाली गेलं की त्यात बुडालेलं पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं आणि ड्रोनच्या रील्स सुरू होतात, मागे बासरी आणि खाली "आपला वारसा". ह्या खेपेला गावच्या ग्रुपवर भांडणच पेटलंय. एकाने धरणाआधीच्या बाजाराचा कृष्णधवल फोटो टाकला, दुसऱ्याने त्यावर स्वतःच्या पेजचा वॉटरमार्क मारला, तिसऱ्याने एआयने रंगवून सगळ्यांना गुलाबी फेटे चढवले. मी एवढंच विचारलं की ह्यातली माणसं कोण, कुणाला ओळखू येतात का. तर उत्तर काय, "देऊळ आहे की अजून, फोटोचं काय घेऊन बसलाय? बोटिंग आणा, भिगवणला फ्लेमिंगो बघायला पब्लिक येतं ते बघा." आणि तुम्ही इंग्लंडात बसून आम्हाला शिकवू नका, हेही आलंच.

आता बोलतोच. मी शेफील्डला असतो, इथून जवळच लेडीबोवरचं धरण आहे. त्यात १९४० च्या दशकात डर्वेंट आणि अ‍ॅशॉप्टन ही दोन गावं गेली. चर्चचा मनोरा पाण्याबाहेर ठेवला होता, तो १९४७ च्या डिसेंबरात सुरुंग लावून पाडला. म्हणजे यांनी आपल्यासारखं देऊळसुद्धा राखलं नाही. २०१८ ला, मग २०२२ ला पाणी आटलं तेव्हा इथेही अशीच झुंबड, असेच ड्रोन. पण पिक्चर शेफील्ड या इथल्या लायब्ररीच्या जुन्या फोटोंच्या वेबसाइटवर डर्वेंट टाईप केलं की जुनी चित्रं समोर येतात, चर्च, डर्वेंट हॉल, नदीवरचा पूल. त्या काळात इकडे फिरायला येणारे लोक गावाचं पोस्टकार्ड विकत घेऊन घरी पाठवायचे, म्हणून एवढ्याशा गावाचं इतकं राहिलं. ग्रुपवर म्हणतात, तिकडे सगळं सरकार करतं. अहो, लायब्ररीने सांभाळलं हे खरं, पण लोकांनी आपापल्या घरातले अल्बमही आणून दिलेच की.

भीमाकाठच्या आमच्या गावांची पोस्टकार्डं कोण छापणार होतं? फोटोग्राफर यायचा तो लग्नाला. त्यामुळे आमचं गाव आहे ते लग्नाच्या फोटोंच्या मागच्या बाजूला. आत्याच्या लग्नाचा एक फोटो आहे, नवरानवरी मधोमध, मुंडावळ्या जरा वाकड्या, आणि डाव्या कोपऱ्यात आमच्या वाड्याची देवडी, तिच्या दोन झिजलेल्या पायऱ्या आणि डोक्यावर पेट्रोमॅक्स धरलेला एक पोरगा. देवडीचा फोटो काढायचा असं कुणाच्या डोक्यातही नसेल, पण तिचं दुसरं चित्र जगात नाही. व्हिडिओ कॉलवर आत्याला विचारलं तर त्या पोराचं नाव, त्याच्या आईचं नाव, घर कुठल्या आळीत, पाणी चढायला लागल्यावर त्यांनी बिऱ्हाड कुठे हलवलं, सगळं घडाघडा सांगितलं तिने. मागे काहीच लिहिलेलं नव्हतं. आत्या ऐंशीच्या पुढे गेलीये.

म्हणून त्या "देऊळ आहे की" चा मला राग येतो. देऊळ दगडाचं, ते टिकलं. ज्यांची घरं पांढऱ्या मातीची होती ती पाण्यात विरघळली, त्या पेट्रोमॅक्सवाल्या पोराचं घर कुठल्या ड्रोनमध्ये दिसणार? वारसा म्हणून नुसते दगड मोजले की गावातली निम्मी माणसं आपोआप वजा होतात.

घरी तारेला टोचलेली पोस्टकार्डंही होती, सांधेवातापासून ज्वारीच्या भावापर्यंत सगळं त्यांत, वर पोस्टाचा शिक्का म्हणजे गावाचं नाव आणि तारीख आयतीच मिळते. पण दुःखाचं पत्र वाचून लगेच फाडून टाकायची रीत, त्यामुळे कोण कधी गेलं ते त्या तारेवर नाही, तेही विचारूनच घ्यावं लागतं.

खरं सांगायचं तर माझा जन्म पाणी आल्यानंतरचा, नव्या गावातला. जुन्या गावात मी कधी उभाच राहिलो नाही. डर्वेंटचा दगडी पूल एकेक चिरा काढून नदीच्या वरच्या अंगाला पुन्हा उभा केलाय, त्यावरून मी मुलांना घेऊन चाललोय, आणि आमच्या घाटाला किती पायऱ्या होत्या हे मला सांगता येत नाही. इथे कुणी विचारलं गाव कुठलं तर पुण्याजवळ म्हणतो आणि विषय बदलतो. मुलीने एकदा आत्याचा तो फोटो बघून विचारलं, आपण इथे कधी जायचं, तेव्हा काय बोलावं सुचलं नाही. इंग्लंडात बसून शिकवतो म्हणा, पण माझ्याकडे गाव म्हणून एवढंच आहे, मग मी बोलणारच.

इंदापूर, करमाळा, दौंड, कर्जतकडचं कुणी वाचत असेल तर ट्रंका उघडा. फोटो दोन्ही बाजूंनी स्कॅन करा, काचेला चिकटलेला ओढून काढू नका, तसाच काचेवरून फोटो घ्या, लॅमिनेशन अजिबात नको. नावं मागे पेन्सिलने, हलक्या हाताने, बॉलपेनने नाही. आणि रंग भरायच्या आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवून कोपऱ्यातली पोरंसुद्धा विचारून घ्या.