चार हजाराचा 'पोलीस स्कॅनर': मामा, नका घेऊ

हा मेसेज सध्या गावोगावच्या ग्रुपात फिरायलाय, तुमच्याकडंही आलाच असंल. मी सोडून दिला होता, पण काल गेवराईकडून मामाचा फोन आला. "भाच्या, ते डिजिटल स्कॅनर मागवायलेत आपल्या इथं, पोरांनी वर्गणी काढलीय, त्यातलं चांगलं कोणतं ते सांग." हा माणूस टीव्हीच्या रिमोटचे सेल घेताना पण दोन दुकानं फिरतो, अन इथं एका फॉरवर्डवर चार हजार काढायला तयार. म्हणून लिहायला बसलो.

मेसेज थोडक्यात असा: "रात्रीच्या ड्रोनवाल्या टोळीपासून गाव वाचवा. डिजिटल हँडहेल्ड स्कॅनर फक्त ३९९९. टोळीचं बोलणं, पोलिसांचा वायरलेस, मोबाईलचे कॉल सगळं ऐकू येतं, ड्रोन कोणत्या दिशेला आहे ते कळतं. रेंज ५० किमी. फक्त ऐकायचं असल्यामुळं लायसन लागत नाही. अमेरिकेत घरोघरी असतो." खाली काळ्या सेटचा फोटो.

आधी ड्रोनचंच घेतो, कारण वर्गणी त्याच्याच नावानं निघालीय. अहो, ड्रोन बोलत नसतो! उडवणारा रिमोटवरच्या दोन काड्या हलवतो, ते आकडे होऊन ड्रोनकडं जातं, तिकडून व्हिडिओ येतो, यात कानानं ऐकण्यासारखं काहीच नाही. अन हा सगळा कारभार बहुतेक २.४ नाहीतर ५.८ गिगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे आपल्या वायफायच्याच पट्ट्यात, ते पण एका जागी न थांबता सारख्या उड्या मारत. आता स्कॅनर बघा, म्हणजे दुसऱ्यांचं वायरलेसवरचं बोलणं नुसतं ऐकायचा सेट. हातात धरायच्या डिजिटल स्कॅनरमध्ये नावाजलेला म्हणजे युनिडेनचा एसडीएस१००, तो २५ मेगाहर्ट्झला सुरू होतो अन १३०० ला संपतो, मधले काही पट्टे गाळलेले ते वेगळेच. २.४ गिगाहर्ट्झ म्हणजे २४०० मेगाहर्ट्झ. सहा-सातशे डॉलरचा सेट जिथं पोचत नाही तिथं ३९९९ वाला कुठून पोचणार? दिशेचं तर नावच काढू नका. वरची ती बोटभर अँटेना चारी बाजूंनी सारखंच ऐकते, दिशा काढायला वेगळी अँटेना लागते अन हात बसलेला माणूस लागतो.

पण मला राग पैशाचा नाही. डोळ्यासमोर आणा, रात्रीचा एक वाजलाय, बांधावर दहा-बारा पोरं हातात काठ्या घेऊन अन एकाकडं हा खरखरणारा सेट. त्यात कधी ना कधी कुणाचं तरी बोलणं येणारच, कारण बांधकामावरचे, सिक्युरिटीवाले, मंगल कार्यालयातले लोक वॉकीटॉकी वापरतातच. "गेटपाशी थांब, गाडी येतीय" एवढं कानावर पडलं की संपलं, मग रस्त्यानं येणारा पहिला अनोळखी माणूस टोळीवाला. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा विसरलात का? १ जुलै २०१८, मुलं पळवणारी टोळी आलीय असे मेसेज फिरत होते, अन भिक्षा मागून पोट भरणारे पाच जण जमावानं मारून टाकले. तिथं नुसती अफवा होती, इथं तिला "मशीनमध्ये ऐकलंय की राव" असा पुरावा जोडून द्यायचा. ड्रोन दिसला तर ११२ ला फोन लावा, वेळ अन दिशा सांगा, बास.

आता लायसन. "फक्त ऐकायचंय मग लायसन कामून?" हे मामानं पण विचारलं. त्यालाच म्हटलं, आजोबाच्या रेडिओचं लायसन आठवतं का? पोस्टात जाऊन पैसे भरायचे, पुस्तकावर तिकिटं लागायची, ऐंशीच्या दशकापर्यंत होतं ते. आजोबा काय रेडिओवरून बोलत होता का? आकाशवाणीचे बाजारभावच ऐकायचा ना! ते लायसन ऐकायच्या यंत्राचंच होतं. आकाशवाणीच्या रेडिओला नंतर सूट मिळाली, सगळ्याच वायरलेसला नाही मिळाली. १९३३ च्या वायरलेस कायद्यानं बिनपरवाना यंत्र नुसतं जवळ ठेवायलाही मनाई केली. अन हे जुनं वाटत असंल तर २०२३ चा दूरसंचार कायदा घ्या, त्याचं कलम ४२ हे २६ जून २०२४ पासून लागू झालंय. दुसऱ्याचा संदेश बेकायदा मधेच पकडला तर तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. परत वाचा, दोन कोटी. वर्गणीत बसतंय का बघा.

"ऑनलाइन मिळतंय म्हणजे चालतच असंल" असंही एकानं ग्रुपात लिहिलं. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं १३ ऑनलाइन विक्रेत्यांना नोटिसा काढल्या त्या वॉकीटॉकीच्या विक्रीवरून, अन मेसेजमधला सेट पण वॉकीटॉकीच आहे, ते खाली सांगतो. लायसनची सूट आहे ती ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ एवढ्या चिंचोळ्या पट्टीला, त्यातही कमी पॉवरच्या मंजूर सेटला.

मेसेजमधला फोटो जरा झूम करून बघा. सेटच्या डाव्या अंगाला लांबट बटण आहे. ते दाबून बोलायचं बटण आहे. स्कॅनरला बोलायचं बटण कशाला लागतं? तो स्कॅनर नाहीच, साधा एफएम वॉकीटॉकी आहे, डिजिटलचं स्टिकर लावलेला. खरा डिजिटल सिग्नल त्यात आला तर शिलाई मशीन चालल्यासारखं टरटर ऐकू येतं, शब्द नाहीत. वर चुकून कुणी ते बटण दाबलं तर तुम्ही भलत्याच्या फ्रिक्वेन्सीवर बोलायलात, तो गुन्हा वेगळा.

पोलिसांचा वायरलेस ऐकू येतो, यात अर्धं खरं आहे, कबूल. जुन्या अॅनालॉग सेटवरचं बोलणं कुणालाही ऐकू यायचं. पण डिजिटल बोलायची पद्धत काय एकच नसते. पी२५ वेगळं, डीएमआर वेगळं, टेट्रा वेगळं, एक समजणाऱ्याला दुसरं कळंलच असं नाही. म्हणून स्कॅनर घेणारे लोक आधी आपल्या भागात कोण कोणत्या पद्धतीनं बोलतं ते बघतात अन मग सेट निवडतात. त्या महागड्या एसडीएस१०० मध्ये सुद्धा डीएमआर चालू करायला वेगळे पैसे पडतात अन टेट्रा तर त्यात नाहीच. एन्क्रिप्शन, म्हणजे बोलण्याला कुलूप, लावलं असंल तर कोणताच स्कॅनर ते उघडत नाही, गप बसतो. अमेरिकेचं म्हणाल तर तिथं बऱ्याच राज्यांत घरी ऐकायला मुभा आहे, हे पण खरं. तिथला कायदा गेवराईत चालत नाही.

मोबाईलच्या कॉलची गोष्ट पण तिकडचीच, शिळी झालेली. तिथले जुने अॅनालॉग मोबाईल स्कॅनरवर ऐकू यायचे, म्हणून १९९४ पासून तो पट्टा पकडणारे स्कॅनर बनवायलाच बंदी घातली. आपल्याकडं ३१ जुलै १९९५ ला मोबाईल सुरू झाला तोच डिजिटल जीएसएम पद्धतीचा, तो असल्या स्कॅनरवर ऐकू येत नाही.

रेंज ५० किमी? हातातल्या सेटवरून हातातल्या सेटवर, सपाट रानात, चार-पाच किलोमीटर मिळाले तरी खूप. मध्ये बालाघाटचा डोंगर आला तर तेवढे पण नाहीत.

पोरांना खरंच नाद असंल तर हॅम रेडिओची, म्हणजे हौशी लोकांच्या परवान्याच्या वायरलेसची, परीक्षा द्या, बारा वर्षांच्या पुढं कुणालाही देता येते, केंद्र सरकारचा वायरलेस विभाग घेतो, पास झाल्यावर व्हीयू नं सुरू होणारा कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं आपलं नाव, मिळतो. मग १४५.८०० मेगाहर्ट्झवर अवकाश स्थानकातून येणारं बोलणं ऐका, उजळ माथ्यानं.

अन ज्यांनी आधीच मागवलाय त्यांनी पार्सल न फोडता परत करा. फोडलंच असंल तर बॅटरी काढून ठेवा, ते बाजूचं बटण दाबू नका, अन "हे बघा काय ऐकलं" म्हणून रेकॉर्डिंग ग्रुपवर तर अजिबात टाकू नका, ते तुमच्याच विरुद्ध पुरावा म्हणून लागंल.