फोन हाती आला म्हणून काठी सुटत नाही

"हे मोफत अ‍ॅप घ्या; कोणत्याही इमारतीत ते अंध व्यक्तीला अचूक वाट दाखवते. आता पांढरी काठी, जमिनीवरच्या स्पर्शपट्ट्या, सोबतीला माणूस, कशाचीच गरज नाही," असा संदेश सध्या फिरत आहे. परवा तो आमच्याच काकांनी माझ्या धाकट्या बहिणीला पाठवला आणि खाली लिहिले, "आता ती काठी ठेवून दे." बहीण जन्मांध आहे, म्हणून गप्प बसणे शक्य नाही.

'कोणत्याही इमारतीत' हे साफ चुकीचे आहे. छपराखाली जीपीएसचा संकेत क्षीण होतो. मोकळ्या आकाशाखालीसुद्धा फोन साधारण ४.९ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात जागा दाखवतो, असे अमेरिकी सरकारचे जीपीएसविषयक संकेतस्थळच सांगते. इमारतीच्या आत एवढ्या अंतरात स्वच्छतागृहाचे दार आणि जिन्याची पहिली पायरी दोन्ही येऊ शकतात. म्हणूनच अशा अनेक व्यवस्थांसाठी आधी इमारतीचा नकाशा करून ठिकठिकाणी ब्लूटूथ बीकन, म्हणजे फोनला जागा कळावी म्हणून संकेत पाठवणारी छोटी उपकरणे, बसवावे लागतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची अंधांना आवाजाने वाट दाखवणाऱ्या व्यवस्थांविषयीची २०१७ ची एफ.९२१ ही शिफारस ज्या 'वेफाइंडर' खुल्या मानकावर आधारलेली आहे, त्यात बीकन कुठे बसवावेत आणि त्यांची देखभाल कशी करावी याचेही मार्गदर्शन आहे. नुसत्या अ‍ॅपने भागत असते, तर त्याची गरजच पडली नसती. हे सारे बसवायला आणि सांभाळायला खर्च येतो, म्हणून 'मोफत' या शब्दाचा निकालही इथेच लागतो.

सर्वांत घातक सल्ला काठी सोडण्याचा आहे. बहीण चालते तेव्हा काठीचे टोक तिच्या पावलापुढे डावी-उजवीकडे फिरत असते. पायरीची कड आली की टोक खाली जाते आणि तिचे पाऊल जागीच थांबते. फोन फार तर "दहा पावलांवर जिना" म्हणेल. वाटेत कोणी ओढून ठेवलेली खुर्ची किंवा पुसायची बादली त्याच्या नकाशात नसते. शिवाय दोन्ही कानांत इअरफोन घातले, की तिला ज्यांचा आधार वाटतो ते पावलांचे आवाज आणि भिंतींवरून येणारे प्रतिध्वनीही बुजतात.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. कॅमेरा आणि हालचालीचे संवेदक वापरून, बीकनशिवाय, आलेल्या वाटेने परत नेणारी 'क्लू'सारखी अ‍ॅप खरोखर आहेत, आणि अनोळखी कार्यालयात आपल्या खुर्चीपर्यंत परतताना त्यांचा उपयोग होतो. पण ती वाट आधी एकदा चालावी लागते, आणि तेव्हा हातात काठी किंवा शेजारी माणूस लागतोच. स्पर्शपट्ट्यांबद्दल एवढेच, की त्यांना चार्जिंग लागत नाही.

काकांना हे सारे मी कळवले आहे. ज्या ज्या गटांत त्यांनी तो संदेश टाकला, तिथे त्यांनी हे उत्तरही टाकावे.