व्यसनाधीनतेच्या ‘जनुका’विषयी खुलासा
व्यसनाचे जनुक सापडले असून ते ज्याच्यात आहे तो व्यसनी होणारच, असा मजकूर सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे, आणि व्यसनी पालकांच्या मुलांवर नाहक शिक्का मारणारा असल्याने कृपया पुढे पाठवू नये. जुळ्यांच्या अभ्यासांतून व्यसनाच्या जोखमीत माणसामाणसांत असलेल्या फरकापैकी सुमारे ४० ते ६० टक्के फरक आनुवंशिक दिसतो. मात्र हा आकडा लोकसमूहाविषयीचा आहे, एखाद्याच्या भवितव्याविषयीचा नव्हे, शिवाय हा आनुवंशिक प्रभाव असंख्य जनुकांत विखुरलेला आहे. उदाहरणार्थ, सीएचआरएनए५ या निकोटिनच्या परिणामाशी संबंधित जनुकातील एका बदलामुळे धूम्रपान करणाऱ्याचा अधिक सिगारेटी ओढण्याकडे कल वाढतो. उलट, पूर्व आशियात आढळणारा एएलडीएच२ या शरीरातील मद्याच्या विघटनाशी संबंधित जनुकातील बदल मद्यपानानंतर चेहरा लाल करून, मळमळ आणून मद्यासक्तीपासून बऱ्याच अंशी बचावच करतो.