शेवटचे दोन

माझी सगळी नोकरी बँकेत गेली. दिवसाच्या हिशोबात एक रुपया जुळेना म्हणून रात्री नऊपर्यंत खातेवह्या उलथणाऱ्या पिढीतला मी. त्यामुळे पाचपाखाडीतल्या जिममध्ये पर्सनल ट्रेनर लावला, तेव्हा गुडघ्यांच्या आधी माझा जीव घेतला तो त्याच्या मोजणीने.

पोरगा पंचविशीतला. दंड बाहीत मावत नाहीत, पण बोलायला गोड. 'काका, फक्त पंधरा स्क्वॉट.' एक ते सहा सुरळीत पार पडतात. मग सुरू होतं, 'सात... अजून खाली, काका... सात... पाठ सरळ... सात.' तेवढ्यात त्याचा फोन वाजतो. बोलून परत आला की विचारतो, 'हां, कुठे होतो आपण? पाच ना?' विसरलेला आकडा पुढे गेल्याचं एकदाही घडलं नाही. तो मागेच जातो. त्यातूनही पंधरा झालेच, तर आरोळी येते, 'शेवटचे दोन!' ते झाले की पुन्हा शेवटचे दोन. उशिरा धावणाऱ्या कर्जत लोकलच्या घोषणेवर माझा याहून जास्त विश्वास आहे.

वजनाचंही तेच. 'आज रिकामा बार, काका. वजन काहीच नाही.' खांद्यावर घेतला आणि भरदिवसा तलावपाळीची रोषणाई दिसली. नंतर कळलं, त्या लांब दांडीचंच वजन २० किलो असतं. वीस किलो 'काहीच नाही' म्हणून खात्याला लावणारा कारकून आमच्या शाखेत असता, तर संध्याकाळच्या आत निलंबित झाला असता.

ट्रेडमिलबद्दल मी मुद्दाम वाचलं. विल्यम क्युबिट नावाच्या इंग्रज इंजिनियरने १८१८ साली तुरुंगांसाठी तिची पूर्वज तयार केली. भलंमोठं चाक, त्याला पायऱ्या, आणि कैदी आपले चढतायत, चढतायत. हे त्याला ऐकवलं, तर म्हणाला, 'बघा काका, लोक तेव्हापासून फिटनेस करतायत!' कैद्यांना शिक्षेची मुदत तरी ठाऊक असायची, हे मी मनात ठेवलं. कारण हातात डंबेल होतं. त्याच्या.

आहाराचा तक्ता आला तेव्हा मात्र मी पेन काढलं. रोज १०० ग्रॅम प्रोटीन. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम, म्हणजे सोळा-सतरा अंडी. हिला दाखवलं. ती म्हणाली, "अहो, उद्या संकष्टी आहे." साबुदाण्याच्या खिचडीचे किती धरायचे, असं त्याला विचारलं. 'शून्य. नुसता स्टार्च आहे तो.' शेवटी दाण्याच्या कुटाचे चार ग्रॅम मी भांडून जमा करून घेतले.

पायांचा व्यायाम त्या दिवशी दुखत नाही. दुखतो दुसऱ्या दिवशी, आणि तिसऱ्या दिवशी आणखी. 'लॅक्टिक अ‍ॅसिड, काका,' असं तो सांगतो. ते बिचारं तास-दीड तासात ओसरतं. दुखतं ते स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजांमुळे. त्यातही चढताना चालून जातं, उतरताना प्राण कंठाशी येतात. स्टेशनचा पूल मी कठड्याला धरून आडवा उतरलो, खेकड्यासारखा.

नेमकी त्याच संध्याकाळी शेजारी सत्यनारायणाची पूजा. पाचवा अध्याय संपेपर्यंत मांडी घालून बसलो. आरतीला सगळे उठले, मी खालीच. एक हात चौरंगाकडे जातोय, एक कोणाच्या तरी धोतराकडे, एवढ्यात मागून ओळखीचा आवाज, 'काका, टाचांवर जोर द्या! छाती वर!' शेजाऱ्यांचा मुलगाही त्याच्याकडेच जातो, म्हणून आमंत्रण होतं.

उठलो एकदाचा. मग प्रसाद वाटला गेला. शिरा, साजूक तुपातला, वर केळ्याचे काप. त्याने एक द्रोण संपवला, दुसरा घेतला, वहिनींनी आग्रह केला तसा तिसराही पुढे केला. मी समोरच उभा राहून मोजत होतो, आणि एकही आकडा मागे जाऊ दिला नाही.