तीन जाडीच्या सुया

मेडिकलच्या काउंटरवर मी म्हटलं, "सव्वीस नंबरच्या चार, तीसच्या चार आणि एकतीसच्या असतील तेवढ्या," आणि पंखा सोडून दुकानातलं सगळं थांबलं.

चूक माझीच. माणसानं आधी घसा खाकरावा, तापाची गोळी मागावी, मग जाता जाता सुयांचा विषय काढावा. पण मी चिडलेलो होतो. माझ्या छोट्या मॉडेल विमानासाठी दोन रविवार घालून केलेली साडेनऊ मिलिमीटरची कंट्रोल स्टिक, म्हणजे पायलटच्या हातातला दांडा, सकाळी चिमट्यातून निसटली आणि 'टिंग' करून गेली ती गेलीच. मोबाईलचा टॉर्च लावून पाऊण तास कपाटाखाली पालथा पडलो. ज्यावरून घरात महिनाभर अबोला होता ते बायकोचं कानातलं सापडलं. स्टिक नाही.

"सिरिंज?" दुकानातल्या पोरानं विचारलं.

"नकोत. नुसत्या सुया."

"नुसत्या? पेशंट कोण आहे?"

"पेशंट नाहीये."

शेजारी एक सत्तरीचे गृहस्थ उभे होते. इन केलेला पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात बीपीच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं, कात्रीनं चौकोनी कापून रबर लावलेली. शाळा चालवलेला माणूस लांबूनही ओळखू येतो. ते माझ्याकडे वळले आणि अतिशय हळू आवाजात म्हणाले, "कशाला हव्यात?"

"विमानासाठी," मी म्हणालो.

मराठीत विमानाला दोन अर्थ आहेत, आणि मेडिकलमध्ये सुया मागणाऱ्याला त्यातला दुसराच लागू होतो, हे तेव्हा सुचलं असतं तर बरं झालं असतं. काकांनी डोळे मिटले.

"रोज उडतं?"

"रोज कुठलं, ते उडतच नाही."

"उडत नाही म्हणजे शरीराला सवय झाली," काका पोराला म्हणाले. "म्हणून तीन-तीन नंबर लागतात."

इथे मला खरं तर समजायला हवं होतं. पण आमच्या जमातीचा एक दोष आहे. आपणहून कुणी आमच्या उद्योगाबद्दल विचारत नाही, त्यामुळे कुणी विचारलंच तर आम्ही भडभडा सांगत सुटतो.

"कधीपासून?"

"सातवीपासून."

काकांनी काउंटरची कड धरली.

"मध्ये सुटलं होतं हो. लग्नानंतर वीसेक वर्षं हात लावला नाही. मग मुलगी पुण्याला गेली शिकायला, खोली रिकामी झाली आणि…"

"एकटेपणा," काका पोराला म्हणाले. पोरानं मान डोलावली. "रात्री करता?"

"रात्रीच. सगळे झोपले की शांत असतं. खिडकी उघडी ठेवतो, वास येतो ना."

"घरी माहीत आहे?"

"माहीत आहे. खर्च माहीत नाही. पार्सल मी ऑफिसच्या पत्त्यावर मागवतो."

"येतं कुठून?"

"जपान. चेक रिपब्लिक."

काकांना बहुधा अफगाणिस्तान अपेक्षित होतं. थोडे गोंधळले, पण माणूस चिवट. "हात थरथरतात?"

"म्हणून तर चहा सोडला."

"चहा सोडला!" काका एवढ्या मोठ्यानं म्हणाले की डायपरचा पुडा घेऊन उभी असलेली बाई दोन पावलं मागे सरकली. "अरे, चहा सोडून हे धरलंस!"

'अहो'वरून एकदम 'अरे'वर आले. माझं वय बावन्न. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. त्यांचा एक माजी विद्यार्थी व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक होता, फार सज्जन मुलगा, नंबर देतो, घाबरू नकोस, यात लाज कसली, हा आजार आहे. मला तेव्हा कुठे उजेड पडला.

आता हे इथे मध्येच सांगतो, कारण दुकानात कुणी सांगू दिलं नाही. मी मिग-२१ या लढाऊ विमानाचं मॉडेल करतोय. मूळ विमानाच्या अठ्ठेचाळीसाव्या भागाएवढं, म्हणजे पंख टोकापासून टोकापर्यंत पंधरा सेंटीमीटर. १९६३ साली हे विमान हवाई दलात आलं आणि २६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडला त्याला निरोप दिला. त्या दिवशी अख्खं नाशिक हळवं झालं होतं, कारण ही विमानं आमच्या ओझरच्या कारखान्यात बनायची. ज्याच्या त्याच्या स्टेटसवर मिग. दुसऱ्या दिवशी स्टेटस बदलली. मी तेवढ्यात सुटे भाग जोडून विमान करायचं किट मागवून बसलो होतो.

किटमध्ये प्लास्टिकची कॉकपिट येते. पण प्लास्टिक मनाजोगतं बारीक ओतता येत नाही. एक मिलिमीटर जाडीचा दांडा अठ्ठेचाळीसनं गुणा, पायलटच्या हातात मुसळ येतं. म्हणून धातू. सव्वीस नंबरच्या सुईची नळी बाहेरून ०.४६ मिलिमीटर. गुणलं की बावीस मिलिमीटर, मुठीत धरायला बरोबर. तिच्या वरच्या टोकात तांब्याची तार घालायची, तारेवर मूठ घडवायची, आणि मुठीला ब्रेकचा खटका लावायचा. हो, मिगला चाकांचा ब्रेक स्टिकवरच असतो, सायकलला असतो तसा. हे कळलं त्या रात्री मला आनंदानं झोप आली नव्हती, आणि बायकोला उठवून सांगितलं तर तिचीही गेली. वेगळ्या कारणानं.

उजव्या बाजूला स्विचांच्या रांगाच्या रांगा. प्रत्येक स्विच म्हणजे वायरमधला एक केसाएवढा धागा, टोकाला फेविक्विकचा कण. बसायला भोक ०.३ मिलिमीटरचं, बोटांनी ड्रिल फिरवून पाडायचं. ड्रिल मोडतं. कधी मोडतं? शेवटच्या भोकाला. सीटचे पट्टे मलमाच्या रिकाम्या ट्यूबच्या पत्र्यातून कापलेत, त्यामुळे पायलटला कायम सांधेदुखीच्या मलमाचा वास येणार. पॅनेलला दहा शतांश मिलिमीटरचा पितळी पत्रा लागतो. तो शोधत भांडी बाजारात गेलो तर दुकानदार म्हणाला, "किती किलो?" मी बोट दाखवलं. त्याला वाटलं एक किलो. मी म्हटलं, नाही हो, बोटाएवढा. त्यानं मुनिमाला हाक मारून मला पुन्हा तेच बोलायला लावलं. शेवटी सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये मशिनखाली सरकवायची शिम मिळाली, तीही 'घेऊन जा, पैसे नकोत' अशा सुरात. फुकट मिळाल्याचं एवढं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

तर पुन्हा दुकानात. मी घाईनं मोबाईल काढला आणि पोराला फोटो दाखवला. रुपयाच्या नाण्यावर ठेवलेलं इन्स्ट्रुमेंट पॅनेल. त्याच्या मधोमध उभी पांढरी रेघ. ती शोभेची नाही. विमान गरगरत खाली यायला लागलं तर पायलटनं स्टिक त्या रेघेच्या दिशेनं पुढे रेटायची, म्हणून आखलेली. माझी ती रेघ तीनदा वाकडी गेली होती. चौथ्यांदा सरळ.

पोरानं दोन बोटांनी फोटो मोठा केला, लहान केला.

"म्हणजे खेळण्यातलं?"

झालं. डायपरवाली बाई पुन्हा दोन पावलं पुढे आली. मागच्या माणसानं "माझं आधी बघ रे" म्हणत चिठ्ठी पुढे सरकवली. क्षणभरापूर्वी मी वाया गेलेला का होईना, पण मोठा माणूस होतो. माझ्यासाठी एक अनोळखी गृहस्थ हळहळत होते. आता मी कुणीच नव्हतो.

मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. माझ्या सोसायटीत एक जण गाडीत स्पीकर बसवायला चाळीस हजार घालतो, त्याला शौकीन म्हणतात. रोज तीन तास रील्स बघणाऱ्याला तर कुणी काहीच म्हणत नाही. आणि सरकारही पोराच्याच बाजूचं. हे किट कस्टमच्या लेखी खेळणंच. त्यावरचं शुल्क २०२० साली वीस टक्क्यांवरून साठ केलं, २०२३ला सत्तर. देशी खेळण्यांना उत्तेजन म्हणून. द्या की. मला देशी मिग-२१ दाखवा, रांगेत पहिला मी. लाकडी घोड्याच्या भल्यासाठी माझा खिसा का?

घरात तरी काय वेगळं? वडील ओझरलाच होते, एकतीस वर्षं. खऱ्या मिगला हात लावलेला माणूस, म्हणून पहिली तयार कॉकपिट मोठ्या आशेनं त्यांच्यापुढे ठेवली. भिंग लावून बराच वेळ बघितलं. मला वाटलं डोळे भरून येतील.

"हा स्विच इथे नव्हता," म्हणाले, आणि भिंग घेऊन शब्दकोड्याकडे वळले. कुठे होता ते विचारलं तर म्हणाले, "आता कुठे आठवतंय! पण इथे नव्हता."

सुया मिळाल्या, पण फक्त सव्वीसच्या चार. बाकीच्यांना पोरानं "डॉक्टरची चिठ्ठी आणा" म्हणून वाटेला लावलं. म्हणजे खेळणं म्हणून हसायचंही आणि गर्दुल्ला समजून चिठ्ठीही मागायची. एक काहीतरी ठरवा ना. काका पायरीपर्यंत सोडायला आले. फोटो त्यांनी बघितलाच नव्हता, चष्मा घरी राहिला होता. नंबर मात्र त्यांनी मला लिहून दिला, मोत्यासारख्या अक्षरात, कापलेल्या पाकिटाच्या मागे.

तो मी टाकून दिला नाही. का, ते विचारू नका.

आज सकाळी जॉगिंग ट्रॅकवर काका समोरून आले. बायको बरोबर होती. वळून जावं तर मागून हास्यक्लबची झुंड. काका थांबले, हात जोडले, माझ्याकडे न बघता तिलाच म्हणाले, "वहिनी, काही सुटतंय का यांचं?"

"कुठलं सुटतंय काका," बायको म्हणाली, "काल रात्री दोन वाजेपर्यंत चालू होतं."